राणीला गाडी लागते

वसमत,
४ जून २०२३

आदरणीय अक्कास,

धाकट्या भावाचा सविनय जयभीम. वि. वि. आम्ही दोघं इथे बरे आहोत. तुझ्या गुडघ्यांची आणि तुझ्या लेकाच्या, प्रमोदच्या बदलीची बातमी सवडीने कळव.

पत्रास कारण की, मी गाडी घेतली. फोनवर प्रमोदला सांगितलं असतं तर त्याने तुला हातवारे करून काय समजावलं असतं कोण जाणे, म्हणून नेहमीसारखं लिहूनच कळवतो. तुझे कान गेल्यापासून आपल्या घरात पत्रं टिकून आहेत, तेवढाच त्या कानांचा उपकार.

गाडी जुनी आहे, माझ्याहून चार-पाच वर्षांनी धाकटी. विलायती स्पोर्ट्स कार, रंग फिक्कट हिरवा, बसायला फक्त दोन जागा. वरचा टप कापडाचा आहे आणि तो मागे पाडता येतो. हैदराबादच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या शेडमध्ये ती कित्येक वर्षं झाकून ठेवलेली होती. आयटीआयमध्ये जन्मभर पोरांना इंजिन उघडून पुन्हा जोडायला शिकवलं, तेव्हा आता एक स्वतःसाठी उघडलं तर कोणाचं काय बिघडलं? पासिंग नव्याने करून घेतलंय. गाडी रस्त्यावर येऊन राहिली.

तू विचारशील, काहून? तर राणीला गाडी लागते म्हणून. तुला हे नव्याने सांगायला नको. लग्नानंतर कळमनुरीहून निघालेल्या जीपमध्ये ती तुझ्याच नव्या पातळावर ओकली होती. पण यंदा आखाडा बाळापूरच्या शाळेत जाता-येता फारच झालं. बसमध्ये रोज ओकारी, शाळेत पोचेपर्यंत तोंड पांढरं पडलेलं. बंद मोटारीत एसी लावला की आणखी वाईट, आणि मोटारसायकलवर कंबर धरते. नोकरीची दोन वर्षं उरली असताना ती राजीनाम्याच्या गोष्टी करून राहिली. दुसरीचा वर्ग सुटला तर ही बाई घरात सुकून जाईल, अक्का. उघड्या गाडीत वारा लागतो, आणि वारा लागला की मळमळत नाही, हे आपल्याला बैलगाडीच्या दिवसांपासून माहीत आहे. शाळा सुरू झाली की रोज मीच नेणार, मीच आणणार.

रागावलीस तर तेही लिहून कळव.

तुझी माया आजवर होती तिथेच राहू दे.

तुझा,
रत्नपाल


नागपूर,
१२ जून २०२३

चि. रत्नपाल यास,

अक्काचा जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा माझा चष्मा चुकला असं वाटलं.

गाडी लागते म्हणून गाडी घेणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहिला. लहानपणी बापूंची सायकल उघडून अंगणभर पसरलीस आणि ते आठवडाभर गिरणीवर पायी गेले. तेव्हाच तुझी लक्षणं ओळखायला हवी होती. साठी उलटली आणि साहेबांना विलायती मोटार पाहिजे. दोनच जागा म्हणतोस, म्हणजे मी वसमतला आले की मला बॉनेटवर बसवणार का? आणि श्रावणात त्या कापडाच्या टपातून पाणी गळायला लागलं की मला आठव.

चेष्टा पुरे. बायकोची नोकरी टिकावी म्हणून नवऱ्याने एवढी उठाठेव केलेली मी आपल्या नात्यात फारशी पाहिलेली नाही. बरं वाटलं. एक गोष्ट मात्र मनात आली ती लिहिते. वय वाढलं की गाडी लागायचं कमी होतं म्हणतात. माझं झालं. हिचं वाढलं कसं? एकदा डॉक्टरला दाखवून घे. रोज ओकणं चांगलं नाही.

गाडी सावकाश चालव. चि. सौ. राणीस आशीर्वाद.

इथून जेवढी धाडता येते तेवढी माया धाडली आहे.

तुझी,
अक्का


वसमत,
२० सप्टेंबर २०२३

आदरणीय अक्कांना,

सौ. राणीचा सविनय जयभीम. वि. वि. तुम्ही माझ्यासाठी पाठवलेलं स्वेटर पोचलं. टप पाडून निघालं की सकाळी गार वाटतं, तेव्हा ते फार कामाला येतं.

गाडीची मजा तुम्हाला सांगायचीच राहिली. पहिल्या दिवशी शाळेपुढे उतरले तर सगळी पोरं कंपाउंडच्या भिंतीवर चढलेली. माझ्या वर्गातली तांड्यावरची मिना हिने गाडीभोवती एक फेरी मारली आणि मला विचारलं की बाई, टपाला पत्रा पुरला न्हाई का? मी म्हटलं, न्हाई पुरला, सरांनी शाळेच्या वर्गाला दिला. तेव्हापासून ती पोरगी सरांना रोज हात जोडते. पावसाचं तुम्ही म्हणाला होता ते बराबर झालं. टप नेमका शिवणीवर गळतो, तोही त्यांच्या डोक्यावर. मग ते चालवतात आणि मी गाडीत बसून त्यांच्यावर छत्री धरते. बाळापूरच्या बाजारात लोक काम सोडून बघतात.

आणि अक्का, खरं सांगते, या गाडीत मला एकदाही ओकारी आली नाही. दाराच्या कप्प्यात त्यांनी पिशव्यांच्या घड्या घालून ठेवल्या होत्या, त्या तशाच आहेत. वारा तोंडावर घेत जाते. दोन्ही बाजूंना हळदीची शेतं, कापूस. इतकी वर्षं त्या रस्त्याने गेले पण डोळे मिटून गेले होते, रस्ता कसा आहे ते आता पाहिलं. त्यांचा आनंद तर काय सांगू. भेटेल त्याला सांगतात की हिची गाडी लागायची बंद केली.

आता दुसरं. हे फक्त तुमच्यापाशी लिहिते. ओकारी बंद झालेली नाही. गाडीत येत नाही, घरी येते. रोज सकाळी. जुनं इंजिन थंड असलं की चोक ओढून बराच वेळ तसंच चालू ठेवावं लागतं, तेव्हा ते अंगणात गाडीपाशी असतात आणि मी मोरीत असते. त्या आवाजात काही ऐकू जात नाही. नळ सोडते, तोंड धुते, कुंकू लावते आणि येऊन बसते. जेवण जात नाही. ब्लाउज दोनदा आत घेतले. त्यांना सांगितलं तर आधी डॉक्टर आणि मग तो चेहरा. एवढ्या हौसेने आणलेली गाडी फुकट गेली असं त्यांना वाटेल, ते मला बघवणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत दाखवीन म्हणते. तोवर त्यांना एक शब्द कळवायचा नाही. तुम्हाला माझी शपथ.

मनात मला जी जागा दिली आहे ती हलवू नका.

तुमची,
राणी


नागपूर,
२७ सप्टेंबर २०२३

चि. रत्नपाल यास,

आशीर्वाद. वि. वि. हे पत्र हातात पडेपर्यंत प्रमोदने तुला फोन केलेला असेल. मला तुझं बोलणं ऐकू येणार नाही म्हणून माझं म्हणणं लिहिते.

राणीने मला शपथ घातली होती. मी ती मोडते आहे. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं, तेविसाव्या शपथेला मी बांधलेली नाही. तिची ओकारी थांबलेली नाही, रत्नपाल. रोज सकाळी तू अंगणात गाडी तापवत असतोस तेव्हा ती मोरीत ओकत असते. तुझ्या इंजिनाच्या आवाजात ते झाकलं जातं. उभ्या घरात, मोरीच्या फरशीवर जिला ओकारी येते तिला कसली गाडी लागली असेल? आपण सगळ्यांनी तिला लग्नाच्या दिवसापासून एक नाव चिकटवलं, राणीला गाडी लागते, आणि मग पुढे कोणी विचारलंच नाही. मीही तुला जूनमध्ये एक ओळ लिहिली आणि गप्प बसले.

तिला रागावू नकोस. तिने तुझ्याकडे बघून लपवलं. दिवाळीची वाट बघू नकोस, शाळेची रजा टाक आणि नांदेडला घेऊन जा. काय निघतं ते प्रमोदला लगेच सांग, मी वाट बघत बसले आहे.

माझा जीव तुमच्या दोघांपाशी आहे, त्याला जपा.

अक्का


वसमत,
१९ ऑक्टोबर २०२३

आदरणीय अक्कास,

सविनय जयभीम. वि. वि. तुला प्रमोदकडून कळलंच आहे, तरी तू लिहून मागवलंस म्हणून लिहितो.

त्याचा फोन आला तेव्हा मला राग आला. मनात म्हटलं, नागपुरात बसून ह्यांना काय दिसतं? दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा चोक ओढला, इंजिन चालू ठेवलं आणि मागच्या दाराने घरात आलो. ती मोरीत वाकलेली होती. नळ सुरू होता. मी पाठीवर हात ठेवला तर ती दचकली आणि तिने आधी तोंड पुसलं, पदर सारखा केला आणि मग मला म्हणाली की गाडी तापली का. अक्का, हाताला तिच्या पाठीचे मणके लागले. मी रोज तिच्या शेजारी बसत होतो आणि मला ते दिसले नाहीत. स्वेटर होतं.

जठरात गाठ आहे. यकृतापर्यंत गेली आहे. ऑपरेशन होण्यासारखं नाही, औषधाने थोडं थोपवू असं नांदेडचे डॉक्टर म्हणतात. मी त्यांना विचारलं की आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, हे गाडी घेण्याच्याही आधीचं असेल, बसमध्ये ओकत होती तेव्हापासूनचं. म्हणजे मी आजाराला वारा घालत बसलो होतो. दोन शब्दांनी फसवलं मला, गाडी लागते. तिने सांगितलं तेच, डॉक्टरने विचारलं तेव्हा मी सांगितलं तेही तेच.

राणी तुझ्यावर रुसली आहे. अक्कांना पत्र लिहिणार नाही म्हणते. चार दिवस जाऊ दे.

गाडी आता बाळापूरला जात नाही, नांदेडला जाते. दवाखान्याने मोठी गाडी सुचवली, पण बंद गाडीत ती कासावीस होते. तेव्हा हीच. औषध चढवून परत निघालो की ती मान मागे टाकून डोळे उघडे ठेवते. काल म्हणाली की हळद यंदा चांगली आहे.

तुझ्याशिवाय हे लिहायला मला कोणी नाही.

रत्नपाल


वसमत,
८ जानेवारी २०२४

आदरणीय अक्कांना,

सविनय जयभीम. वि. वि. तुमचा पाय मोडल्याचं कळलं. प्लास्टर निघेपर्यंत हालचाल करू नका, तुम्हाला धीर नाही म्हणून मुद्दाम लिहिते.

रुसवा सोडला. शपथ तुम्ही मोडली आणि मरायची पाळी मात्र माझ्यावर आली, हा कुठला न्याय असं मी ह्यांना म्हटलं, तर ते उठून अंगणात गेले. त्यांच्यापुढे आता चेष्टाही करता येत नाही. तुम्ही तरी हसा. तुम्ही सांगितलं ते बरं केलं. मला सकाळी एकटीला फार भीती वाटायची, ती तुमच्या पत्राने गेली. आता ते पाठीवर हात ठेवतात.

तीन जानेवारीला शाळेत सावित्रीमाईंची जयंती होती. मी हट्ट धरला. ऐश्वर्या पुण्याहून आली आहे, ती म्हणाली आई, कोणी आजारी माणसाला उघड्या गाडीत नेतं का? पण ह्यांनी टप पाडला आणि मला दोन शालींत गुंडाळून बसवलं. माझा वर्ग मिना सांभाळून राहिली होती. तिने फळ्यावर तारीख लिहिली होती, बाराखडी लिहिली होती. मला म्हणाली, बाई, तुमी उद्यापासून या. मी व्हय म्हटलं. लेकराला काय सांगणार?

एक मागणं आहे. माझ्यामागे ही गाडी ते शेडमध्ये झाकून ठेवतील, नाहीतर विकतील. मला त्यांचा स्वभाव ठाऊक आहे. उभी राहिली की जुनी गाडी मरते, असं तेच सांगतात. तर त्यांना उभं राहू देऊ नका. कोणी विचारलं तर सांगा की राणीला गाडी कधी लागलीच नाही. लाभली. तेवढेच महिने लाभली, पण लाभली.

हात थकला. तुमच्या कुशीत डोकं ठेवते असं समजा.

तुमची,
राणी


वसमत,
१० मार्च २०२४

आदरणीय अक्कास,

जयभीम. वि. वि. राणीच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. तुला येता आलं नाही याचं मनाला लावून घेऊ नकोस, मोडलेल्या पायाने तू काय केलं असतंस? बाळापूरहून तिची शाळा आली होती. पोरं विहारात शहाण्यासारखी बसली. मिनाने बाहेर गाडीच्या डाव्या सीटवर एक झेंडूचं फूल ठेवलं होतं, ते मला निघताना दिसलं.

पत्रिका छापायला गेलो तेव्हा छापखान्यातल्या माणसाने नाव विचारलं. माझ्या तोंडून सौ. राणी असंच निघालं. त्याने लिहूनही घेतलं. मग मला त्याला सांगावं लागलं की आधी कालकथित लिहा. तो शब्द आपण किती जणांच्या नावाआधी लावला, अक्का, पण तिच्या नावाआधी तो बसेना. मी तिथे स्टुलावर बसून रडलो.

ऐश्वर्या गेली. पुण्याला चला म्हणते, गाडी काढून टाका म्हणते. नांदेडचा एक जण गाडी बघायला येणार आहे, बहुतेक देऊन टाकीन. ती चालवणं मला जमत नाही. चालवायला हरकत नाही, सुरू करायला जमत नाही. रोज सकाळी चोक ओढतो, इंजिन लागतं, आणि मला वाटतं की ह्या आवाजामागे काहीतरी होऊन राहिलं. मग मी इंजिन बंद करतो आणि कान देतो. नळाचाही आवाज नसतो. पुन्हा सुरू करतो, पुन्हा बंद करतो. शेजारच्या पद्माबाईंनी विचारलं की भाऊ, गाडीला काय तकलीफ झाली? मी म्हटलं, प्लग काजळी धरतो.

तिच्या दाराच्या कप्प्यातल्या पिशव्या मी अजून काढलेल्या नाहीत. एकही उघडलेली नाही.

तू आहेस म्हणून अजून कोणाचा तरी धाकटा आहे.

तुझा,
रत्नपाल


नागपूर,
१७ मार्च २०२४

चि. रत्नपाल यास,

अक्काचा जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि. पहिल्या कागदावर खाली चि. सौ. राणीस आशीर्वाद असं लिहून गेले होते. खोडलं नाही, कागदच बदलला.

गाडी विकायची नाही. हे माझं म्हणणं नाही, तिचं आहे. जानेवारीत तिने मला लिहून ठेवलं की गाडी उभी राहू देऊ नका, आणि तुलाही. तुझ्यासाठी तिची एक शपथ मोडली मी, आता दुसरं मागणं मोडायला सांगू नकोस. त्या नांदेडच्या माणसाला चहा पाज आणि परत पाठव.

इंजिनाच्या आवाजाने तुला ऐकू दिलं नाही म्हणतोस. मला तर कशाचाच आवाज येत नाही, तरी मला कळलं, कारण तिने मला सांगितलं. तुला सांगितलं नाही, कारण बाळापूरच्या रस्त्यावर तुझा जो चेहरा व्हायचा तो तिला आणखी थोडे दिवस बघायचा होता. त्यात तुझीही चूक नाही आणि तिचीही नाही, आणि तरी ती गेली. हे असंच राहणार आहे, रत्नपाल. मी मोठी असले तरी ते मला कमी करता येत नाही. तिच्या आठवणीने मलाही दिवसातून दोनदा चष्मा पुसावा लागतो.

प्लास्टर निघालं. डॉक्टरने रेल्वेने जायला परवानगी दिली. बुधवारी निघते, गुरुवारी पहाटे वसमत स्टेशनवर उतरेन. दोनच जागा आहेत त्यातली एक आता मला दे. मी परतीचं तिकीट काढलेलं नाही.

आणि सकाळचं असं करू. तू खुशाल चोक ओढ आणि गाडी चालू ठेव, तिला हवा तेवढा वेळ तापू दे. मध्येच बंद करून कान देत बसू नकोस. तेवढा वेळ मी मोरीच्या दारात उभी राहीन. मला ऐकू येत नाही, पण दिसतं.

भेटेपर्यंत जेवत जा.

तुझी,
अक्का

ता. क. वय वाढलं की कमी होतं असं मी लिहिलं होतं ते खोटं. मलाही गाडी लागते. स्टेशनवर टप पाडून ये, आणि त्या पिशव्या आहेत तिथेच राहू दे.